उघड्यावर

मशीन बंद पडलं तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. धाप लागते म्हणून आलेला एक आडमाप सुतार छाती फळीला टेकवून उभा होता. बाईंनी काचेआडून नेहमीच्या सुरात सांगितलं, "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. सुतार मात्र आज्ञाधारक. गाल फुगवून, मान लाल करून तसाच उभा. "सोडा हो, सोडा!" बाई ओरडल्या तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग मेकॅनिक आला, त्यानं झाकण काढून आत डोकं घातलं, 'च्च' केलं आणि म्हणाला, "दोन तासांची निश्चिंती. बाई, तुम्ही बाहेर जाऊन बसा." बाई पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसल्या. त्यानं दारातून मान काढली. "इथं नाही हो, बाहेर. मी सगळं उघडणार, धूळ उडेल." "बाहेर म्हणजे कुठे?" बाईंनी विचारलं. तो हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. 'बाहेर' या शब्दाचं चित्रच त्या क्षणी बाईंच्या डोक्यात उमटेना. एकोणतीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढत होत्या. पेशंट म्हणायचे, फोटो काढायचाय. म्हणून त्या फोटोवाल्या बाई. भिंतींत शिशाचा पत्रा, दारात शिशाचा पत्रा, अंगावर शिशाचा एप्रन. सकाळी साडेआठला आत, संध्याकाळी साडेपाचला वर. डबा आतच. दुपार नावाची गोष्ट आठवड्यातून एकदा, आणि तीसुद्धा घरात, पडदे ओढून. त्या उगाच चालत सुटल्या. धुण्याच्या गाड्या न्यायचा उतार चढून गेल्या, एक जड दार खांद्यानं ढकललं, आणि उजेडानं त्यांच्या थोबाडीत मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. कठड्याला धरून त्या खाली बसल्या. पहिला विचार आला, झटका आला की काय आपल्याला. मानेवर कुणीतरी ऊबदार हात ठेवला होता. मागे वळून पाहिलं तर कुणी नव्हतं, ऊन होतं. समोर ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांच्या ढिगाआड एक झाड उभं होतं, अर्धं पिवळं. वारा आला की पाच-दहा पानं सुटायची. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आजची तारीख त्यांना पाठ होती, सकाळपासून चाळीस फिल्मांवर घातली होती. पण ही हवा कसली? थंडी यायची आहे की सरायची? झाड पानं टाकायला लागलंय की टाकून संपत आलंय? काही केल्या कळेना. परक्या देशात उतरलेल्या माणसाला पाट्या वाचता येऊ नयेत तसं त्यांचं झालं.

आणि एके काळी ही पोर नुसत्या वासावरून सांगायची. बाप रस्ते बांधणीवरचा मुकादम. रस्ता जिथवर आला तिथवर यांचा तंबू. चार महिने इथे, सहा महिने पुढे. पाठीवर ऊन घेऊन जेवायचं, ओढ्यात आंघोळ, झाडाच्या फांदीला आरसा. बाप तिला रानमांजर म्हणायचा. संध्याकाळी कामावरून आला की म्हणायचा, "काय गं रानमांजरे, उद्या काय?" आणि ती नाक वर करून हवा हुंगायची नि सांगायची, उद्या वारा, उद्या धुकं. दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. उरलेल्या तीन वेळा बाप म्हणायचा, हवाच चुकली. कुठलं बोरासारखं आंबट फळ कधी पिकतं, मुंग्या अंडी घेऊन कधी निघतात, कोणत्या महिन्यात लाकूड ओलं जळतं आणि डोळे चुरचुरतात, हे तिला शाळेच्या आधीच येत होतं. आईला मात्र या सगळ्याचा मनापासून तिटकारा. आईला दार हवं होतं. आतून कडी लागेल असं. "कुत्र्यामांजरांसारखा उघड्यावरचा संसार," ती म्हणायची. मग एका ओल्या, चिकट मोसमात धाकटा भाऊ गेला. आठ महिन्यांचा होता. ताप चढला, बाप डॉक्टर आणायला ट्रकमधून गेला, ट्रक चिखलात रुतला. आईनं पुढे कुणाला दोष दिला नाही. फक्त मुलीला जवळ घेऊन एकदा सांगितलं, "नोकरी बघशील तर छप्पर बघून बघ, नवरा करशील तर छप्पर बघून कर." रानमांजरीनं तंतोतंत ऐकलं. नोकरी अशी शोधली की छप्पर तर सोडाच, डोक्यावर पाच मजले. नवरा असा मिळाला की त्याला खिडकीच्या फटीतून वारा आला तरी शिंका यायच्या. तो कोर्टात टंकलेखक, कागद उडू नयेत म्हणून जन्मभर पंखाही एकवर ठेवणारा. आणि स्वतःचं पोर झाल्यावर बाईंनी त्याला पहिलं वर्षभर असं गुंडाळून ठेवलं होतं की शेजारच्या काकू म्हणाल्या, "मूल आहे की पार्सल?"

मशीन चार वाजता सुरू झालं. सुतार परत उभा राहिला. बाई म्हणाल्या, "श्वास घ्या," आणि त्यांच्याच नाकात बाहेरच्या सुक्या पानांचा वास तसाच शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी मशीन धडधाकट होतं, तरी त्या दोन वाजता डबा घेऊन उतार चढून गेल्या. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात त्यांना कळलं की झाड पानं टाकायला नुकतंच लागलंय आणि थंडी यायची आहे. एवढंसं कळलं, पण शाळेत पहिलं अक्षर वाचता आल्यावर पोराला होतो तसला आनंद झाला, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. तीन महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. साहेबांनी भाषण केलं, शाल दिली, आणि म्हणाले, आता घरी निवांत बसा. बाईंनी मनात म्हटलं, घरी नाही.

वसाहतीतलं त्यांचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. मागच्या दाराबाहेर पंधरा पावलं लांब नि सहा पावलं रुंद अशी जागा होती, आणि तिच्यात पंचवीस वर्षांचं अडगळीचं साम्राज्य. फुटका कूलर, मुलाची तीनचाकी, गंजलेली जाळी, कुणाचे तरी टायर. बाईंनी भंगारवाल्याला बोलावून एका सकाळी सगळं उचलायला लावलं. खाली माती निघाली. काळी, गार, गांडुळांनी भरलेली. त्यांनी तिच्यात अनवाणी पाय ठेवला आणि नवऱ्यानं दारातून विचारलं, "काय शोधतेस?" "काही नाही." "मग पाय धुऊन आत ये." "येत नाही," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या आणि मग त्यांनाच नवल वाटलं, की एवढ्या लहान वाक्याला एवढी वर्षं लागावीत.

आधी भाजी निवडायला बाहेर. मग जेवायचं टेबल बाहेर. मग लोखंडी खाट. नवरा आत, खिडकी लावून, आणि दोघांचा संसार मधल्या दारातून चालायचा. "अगं, लोक काय म्हणतील? नवऱ्यानं बायको घराबाहेर काढली म्हणतील!" "म्हणू देत. तुमचा दरारा वाढेल." वरच्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे चारचारदा काढायला येऊ लागल्या, खाली बघायला काहीतरी निमित्त हवं ना. सोसायटीच्या सेक्रेटरीनं एकदा थांबून, घसा खाकरून विचारलं, "तब्येत बरी आहे ना वहिनींची?" हे त्यानं बाईंना नाही, नवऱ्याला विचारलं, बाई दोन हातांच्या अंतरावर मटारच्या शेंगा सोलत बसलेल्या असताना. बाईंनीच उत्तर दिलं, "उत्तम आहे. तुमची जरा पिवळी दिसतेय. बसता का उन्हात?" तो बसला नाही. स्वयंपाकही बदलला. ज्या दिवसांत जमिनीतून जे येतं ते, आणि नसेल ते नाही. महिनाभर टोमॅटो नाही म्हणजे नाही. "गेले तीन आठवडे मी भोपळा खातोय," नवरा ताटावरून म्हणाला. "भोपळ्याचे दिवस आहेत." "आणि माझे कसले दिवस आहेत?" "तुमचेही भोपळ्याचेच." तो रागावला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसला, ते बाईंनी पाहिलं. उन्हाळ्यात त्या पहाटेच उठून सगळी कामं उरकून भिंतीच्या सावलीबरोबर खाट सरकवत राहायच्या. पावसात पत्र्याच्या पट्टीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि अंगावर तुषार घ्यायच्या. सर्दी व्हायची. सांधे ठणकायचे. डासांनी पाय फोडून काढले. हे सुख आहे असा त्यांचा दावा नव्हता. त्या कुणाला उपदेश करायलाही गेल्या नाहीत. फक्त रोज सकाळी मागचं दार उघडलं की आज काय आहे हे बघण्याची त्यांना अधाशी उत्सुकता असायची, आणि ही उत्सुकता आपण पुन्हा कुणाच्याही हवाली करणार नाही, एवढं त्यांनी दात आवळून ठरवलं होतं.

मुलगा वर्षभर हे हसण्यावारी नेत होता. तो एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं प्रेमळ, पण प्रेमाची त्याची रीत अशी की आधी तो निर्णय घ्यायचा आणि मग सरप्राइज द्यायचा. त्यानं एकोणिसाव्या मजल्यावर चार खोल्यांचं घर घेतलं होतं. सगळ्यांनी एकत्र राहायचं. "आई, तिथं खिडक्या उघडायचीच भानगड नाही. अखंड काच. बटण दाबलं की हवी तशी हवा. बाबांच्या शिंका बंद." बाबांचे डोळे चमकले. बाईंनी विचारलं, "आणि बाहेर?" "बाहेर काय?" "बाहेर कुठे बसायचं?" मुलगा हसला. मेकॅनिकही असाच हसला होता. "खाली क्लबहाउस आहे," तो म्हणाला.

दुसरी थंडी ऐन भरात असताना, नव्या घराचा रंग बघायला म्हणून मुलगा आणि सून आठ महिन्यांच्या बाळाला बाईंजवळ सोडून गेले. लख्ख दिवस होता. वारा पडलेला, ऊन मधासारखं जाड. बाईंनी खाटेवर गोधडी घातली, तिच्यावर बाळाला निजवलं, आणि बराच वेळ हात मागे-पुढे करून शेवटी त्याचे मोजे काढले. दहा बोटं उन्हात एकदम फाकली. बाळ आपल्याच बोटांकडे बघून चकित झालं. मग वर, भिंतीपलीकडच्या फांदीकडे. तिथं काहीतरी हलत होतं आणि थांबत होतं. तास दीड तास त्या पोरानं हूं की चूं केलं नाही. नवरा दोनदा दारात येऊन गेला. "वारं लागेल." "वारं नाहीये." "मग गारठा लागेल." बाई बाळाच्या तळव्यावर ऊन कसं गुलाबी होऊन आरपार जातं ते बघत होत्या. हाडांचे लाखभर फोटो काढलेल्या त्या बाईला असला उजेड आरपार जाताना पहिल्यांदा दिसत होता.

दिवेलागणीला बाळाचं अंग तापलं. मुलगा आला, त्यानं कपाळाला हात लावला, आणि खाटेवरची गोधडी, गोधडीवरचे दोन मोजे पाहिले. "बाहेर ठेवलं होतंस?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. नवरा म्हणाला, "मी सांगत होतो." सुनेनं मोजे उचलून पर्समध्ये टाकले आणि बाळाला छातीशी धरून गाडीत जाऊन बसली. ते गेल्यावर बाईंनी खाट आत ओढली. टेबल आत आणलं. दार लावलं, वरची कडी, खालची कडी. तीन दिवस त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांच्या कानात ट्रकचं चाक चिखलात फिरत राहिलं. तंबूचं ओलं कापड नाकाला लागत होतं. आई कपाळावरची पट्टी बदलतेय, पाण्याच्या भांड्यात पट्टी बुडताना होणारा आवाज, मग पिळण्याचा आवाज, मग पुन्हा बुडण्याचा. "छप्पर बघून," आई म्हणत होती. आई आता रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती, आणि थकलेल्या आईला उत्तर देणं सर्वांत अवघड. आपण एक पोर उन्हात ठेवलं की पणाला लावलं? कुणाच्या हट्टासाठी? नवऱ्याला दया आली, त्यानं स्वतः चहा करून आणला, आणि वर म्हणाला, "झालं ते झालं. आता शहाण्यासारखी वाग." चहा बाईंनी घेतला. त्या 'शहाण्यासारखी'पाशी मात्र मनात काहीतरी अडकलं, खडा लागावा तसं.

चौथ्या दिवशी बाळाचा ताप उतरला आणि अंगावर बारीक पुरळ आलं. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, या वयात होतंच. मुलानं हे बाईंना सांगितलं नाही; नवऱ्याला फोनवर सांगितलं, आणि नवऱ्यानं जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डॉक्टर उलटं बोलले असते तर? गारठ्यानंच झालं म्हणाले असते तर आपण जन्मभर या खोलीत बसलो असतो? ताटावर हात तसाच ठेवून बाई विचार करत राहिल्या, आणि भलतीच एक गोष्ट आठवली, जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. भाऊ जाऊन महिना झाला असेल. ती सरपण घेऊन ओढ्याकडून येत होती. आई पाण्यात गुडघाभर उभी होती. धुणं काठावर तसंच पडलेलं. लुगडं खोचलेलं, केस मोकळे, डोळे मिटलेले, तोंड उन्हाकडे. आई हसत नव्हती, रडत नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुढे दारं-कड्या असलेल्या तीन घरांत मुलीला कधी दिसलं नाही. पोर झाडाआड थांबून बघत राहिली होती. मग आईनं डोळे उघडले, पदर सारखा केला, आणि धुणं आपटायला लागली. जोरजोरात, कुणाला तरी मारावं तसं. त्या घटकाभराच्या सुखाची आईला लाज वाटली होती. आणि ती लाज तिनं आपल्याला आहेर म्हणून दिली, आपण ती जन्मभर अंगावर वागवली. बाई उठल्या. हात धुतले. वरची कडी काढली, खालची काढली. अपराध आपला होता की नव्हता हे त्यांना ठरवता आलं नाही, पुढेही आलं नाही. खाट मात्र त्यांनी बाहेर काढली.

रविवारी मुलगा सामानाची यादी घेऊन आला. बाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. त्यानं ते पाहिलं आणि यादी खिशात ठेवली.

"आई, एवढं होऊनसुद्धा?"

"हो."

"तू हे हट्टानं करतेस."

"हट्टानंच करते. बाकी सगळं आयुष्य समजूतदारपणानं केलं."

"बाळाला काही झालं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "एकोणतीस वर्षं मी माणसांच्या छात्या बघितल्यात. पाणी भरलेल्या, जाळं धरलेल्या, भोकं पडलेल्या. त्यातलं कुणी झाडाखाली राहत नव्हतं रे. सगळे चांगले चार भिंतींत, दारं लावून राहणारे."

"हे काही शास्त्र नाही झालं."

"नाहीच झालं. तुझं तरी कुठे आहे? मी घाबरते, तूही घाबरतोस. मी घाबरून तळघरात जाऊन बसले. तू एकोणिसाव्या मजल्यावर निघालायस. मी आता नाही येत."

मुलानं खिशातली यादी काढून घडी घातली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण बाळ इथे येणार नाही."

हे येणार हे बाईंना ठाऊक होतं. "नको आणूस," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन भेटायला. राहायला नाही."

महिन्याच्या शेवटी टेम्पो आला. नवऱ्यानं आपलं कपाट, खुर्ची, औषधांचा डबा नेला. निघताना तो दारात घुटमळला. "चार दिवस राहून बघतो," म्हणाला. "बघा की," बाई म्हणाल्या. "स्वेटर राहिलाय तुमचा." "तिथं लागत नाही म्हणे." टेम्पो वळून गेला. त्या दिवशी बाईंनी स्वतःपुरती चूल पेटवली, आणि भाजी किती चिरायची याचा अंदाज दोनदा चुकला. चौतीस वर्षांच्या संसारात त्या घरी पहिल्यांदा एकट्या जेवल्या. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. उघड्यावर रडण्याचं एक बरं असतं, आवाज अंगावर परत येत नाही. दर गुरुवारी त्या बस पकडून एकोणिसाव्या मजल्यावर जायच्या, काचेआडच्या आकाशापुढे बाळाला मांडीवर घेऊन बसायच्या. नवरा शिंकत नव्हता. फारसं बोलतही नव्हता. मुलगा घरी असला तर ऑफिसच्या खोलीत जाऊन बसायचा. संध्याकाळी त्या परत यायच्या. आठवडे गेले. भिंतीपलीकडची फांदी पार बोडकी झाली.

एका मंगळवारी सकाळी धुकं होतं, दहा वाजले तरी भिंत दिसत नव्हती. बाई डोक्याला फडकं गुंडाळून मुळ्याच्या वाफ्यातलं गवत काढत होत्या. समोरच्या दाराची घंटा वाजली ती त्यांना ऐकू आली नाही. सून घराला वळसा घालून मागे आली. कडेवर बाळ, टोपीपासून पायापर्यंत बांधलेलं, खांद्याला पिशवी. केस विंचरलेले नव्हते.

"काय गं? काय झालं?" बाई मातीचे हात घेऊन उठल्या. "बरं आहे ना बाळ?"

"बरं आहे," सून म्हणाली. "झोपत नाही. मीही झोपत नाही. दिवसभर तो यंत्राचा आवाज, घुंऽ करून. सगळ्यांना वाटतं आवाजच नाही म्हणून." ती खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "बाबा काल खिडकी उघडायला बघत होते. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. उघडत नाही ती."

बाईंना हसू आलं आणि काळजात कळही आली. "आणि तो? त्याला माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"सांगून आलेय," सून म्हणाली. "विचारून नाही."

तिनं बाळाला खाटेवर ठेवलं. धुकं अंगाला लागत होतं, ओलं, गार. बाळानं हवेत तोंड उघडून ते चाखल्यासारखं केलं आणि शिंकलं. बाईंच्या ओठांवर वाक्य तयार होतं, आईच्या आवाजात, आईच्या हेलात: आत ने त्याला, आधी आत ने. जीभ टाळूपर्यंत गेली. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाई जे म्हणतील ते ती करणार होती, हे स्पष्ट दिसत होतं. क्षणभर त्या घाबरल्या. मग त्यांनी हात पदराला पुसले, खाटेवर सुनेच्या शेजारी बसल्या, बाळाच्या अंगावर गोधडीचं टोक ओढलं आणि म्हणाल्या, "बस. अर्ध्या तासात ऊन पडेल."

"कशावरून?"

बाईंनी नाक वर केलं. खरं तर त्यांना खात्री नव्हती.

"पडेल," त्या म्हणाल्या. "नाही पडलं तरी बस."